हाळी न देता घेतलेलं पाणी

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. सदतीस सालच्या निवडणुकीच्या दिवशी आमच्या मिठागराच्या उघाडीच्या फळ्या मी काढल्या. माझ्या मामानं नाही. आमचा अख्खा पाडा समजतो की मामानं काढल्या, आणि मी पाड्याला तसं समजू दिलं.

एवढं लिहून कागद बरेच दिवस तसाच पडला होता. वाटायचं, आता कुणाला काय करायचंय? मामा गेला, ते मंत्रिमंडळ गेलं, लढाई येऊन गेली, साहेबही गेला. पण मी अजून इथंच आहे, त्याच मिठागरावर. रोज सकाळी त्याच उघाडीवरून जातो. तेव्हा पुढं लिहितोच.

आमच्याकडची रीत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. भाईंदरच्या पश्चिमेला राई-मुर्ध्याच्या अंगाला मिठागरं पसरलेली आहेत. खाडीच्या कडेनं मातीचा मोठा बांध, बांधात लाकडी दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. उधाणाच्या भरतीला उघाडीच्या फळ्या काढायच्या, की खाडीचं पाणी आतल्या मोठ्या तळ्यात येतं. तिथं ते उन्हात मुरतं, मग वाफ्यांत सोडायचं, मग मीठ. आमचा पाडा या तळ्याच्या पलीकडं; बाजार, स्टेशन आणि मिठागराचं हपिस अलीकडं. तळं कोरडं असलं की त्याच्या पोटातून पायवाट आहे, विडी ओढून संपायच्या आत माणूस अलीकडं येतो. तळं भरलेलं असलं की मोठ्या बांधानं वळसा घालायचा, त्यात अर्धी सकाळ जाते. चिखल निसरडा, बांध जागोजागी खचलेला. आजारी माणसाला झोळीतून न्यायचं झालं तर त्याला वळशानं न्यावं की तळं उतरायची वाट बघावी, यावर घराघरात रडारड झालेली मी पाहिली आहे.

म्हणून हाळीची रीत. उघाडीवाला पाणी घ्यायच्या आदल्या संध्याकाळी पाड्यातून डबा वाजवत फिरणार आणि ओरडणार, "पानी घेतंय हो, उद्या पानी घेतंय!" नुसतं ओरडून भागत नाही. प्रत्येक घरानं उत्तर द्यायचं, "ऐकलं हो!" ज्या घरातून उत्तर आलं नाही त्याच्या दारात उघाडीवाला उभा राहणार. कुणाची म्हैस तळ्यात बांधलेली असते, कुणाची लेक अलीकडच्या बाजारात गेलेली असते. सगळ्या घरांचं उत्तर आल्याखेरीज फळी हलत नाही. मिठागराच्या मालकानं, शेटनं सांगितलं तरी नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण माझ्या आज्याच्या आधीपासून चालत आलेलं होतं.

उघाडीवाला माझा मामा. आई लवकर गेली, मी मामाच्या घरीच वाढलो. पाड्यातला पहिला सातवी फायनल पास झालेला मी, म्हणून मिठागराच्या हपिसात मेहता झालो, म्हणजे कारकून. लग्न झाल्यावर अलीकडं, स्टेशनच्या बाजूला राहायला आलो. धोतर नेसायला लागलो. मामा लंगोटीवरच.

मग ती निवडणूक आली. प्रांताच्या कायदेमंडळाची. मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर सारा भरण्याइतकी जमीन त्याला, किंवा माझ्यासारख्या शिकलेल्याला. मिठागरावर राबणाऱ्यांतल्या पुष्कळांना नव्हतंच. पण आमच्या पाड्यात खाऱ्या भाताची शेतं होती, त्यामुळं बऱ्याच घरांत एक तरी मत होतं. मामाला होतं. मामाच्या जमिनीवरून मामीलाही मिळालं होतं, आणि त्याचं पाड्यात फार कौतुक झालं. बायका मामीला विचारायच्या, "अगो, तुजा मत म्हंजे कसा दिसतं गो?" मामी म्हणायची, "दिसतं कुटं, घालवून टाकाचा असतं. लुगऱ्यावानी ठेवाचा नसतं."

एका बाजूला पांढऱ्या टोपीचा पक्ष आणि त्याच्या पाठीशी उभी राहिलेली दोन-तीन लहान मंडळं. दुसऱ्या बाजूला शेट, जमीनदार, ठाण्याकडचे काही पगडीवाले वकील आणि सरकारकडून मान मिळालेले लोक, यांची आघाडी. ते एरवी एकमेकांशी बोलत नसत, निवडणुकीपुरते एका तक्क्याला टेकले होते. उत्तन-तारोडीच्या किरिस्तावांची जागा वेगळी, उमेदवार वेगळे. तिथला एक होडीवाला माझ्या ओळखीचा, तो हसायचा. "आमचा देव वेगला, आमची पेटी पन वेगली. तुमी भांडा, आमी बघतंव." आमच्या जागेवर मात्र चुरस होती. हपिसात रोज तीच चर्चा. पाच गावं इकडं, सहा तिकडं, एक पाडा फिरला तर सगळं फिरेल.

पाडा फिरणार नव्हता. टोपीवाल्यांचा उमेदवार एकदा पाड्यात आला होता. चिखल तुडवत आला, घसरून एकदा बसकण मारली, तेव्हा पोरं हसली आणि तोही हसला. त्यानं विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? कुणी स्वराज्य म्हणालं नाही. मामा म्हणाला, "वाट." तळ्यातून उंच, पक्का, भरतीला न बुडणारा रस्ता. उमेदवार म्हणाला, देतो. मग पाड्यानं देवळापुढं बसून ठरवलं, सगळी मतं टोपीला. आमच्यात एकदा असं ठरलं की ते ठरलं.

शेटला ती वाट नको होती. रस्ता झाला तर तळ्याचे दोन तुकडे होणार, पाणी कमी, मीठ कमी. हे मला शेटच्या गुजराती दिवाणजींनी, म्हणजे मिठागराच्या कारभाऱ्यांनी, सांगितलं नाही. हपिसात बसणाऱ्याला सांगावं लागत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी दिवाणजींनी मला बोलावलं. पान लावत होते. म्हणाले, "काय मेहता, उद्या उधाण छे ना?"

"हो."

"तळ्यात पाणी ओछं झालंय. भरती फुकट जाऊ नये."

"उद्या मतदान आहे, दिवाणजी. पाड्याची वाट..."

त्यांनी पान तोंडात टाकलं. "मी मतदानाची वात करतोय काय? मी पाण्याची करतोय. तमे समजुतदार माणूस आहात."

बस. एवढंच. माझ्या नोकरीवर गदा आणू असं ते म्हणाले नाहीत. कुणी मला दरडावलं नाही, कुणी काही हातावर ठेवलं नाही. पुढं कितीदा तरी मी मनातल्या मनात त्या बोलण्यात एखादी धमकी घालून पाहिली. ती नव्हती. मला फक्त 'समजुतदार माणूस' हे आवडलं होतं. त्यांच्या तोंडून, पान खाता खाता, बरोबरीच्याला म्हणावं तसं आलेलं. खरं सांगायचं तर एवढ्यावर माझं काम झालं.

मामानं त्या संध्याकाळी हाळी दिली नाही. द्यायची नव्हतीच. मतदानाच्या दिवशी तळं कोरडंच ठेवायचं हे त्यानं पाड्याला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो अलीकडं आला. स्वच्छ धोतर नेसला होता, मी त्याला धोतरात लग्नाखेरीज कधी पाहिलं नव्हतं. टोपीवाल्यांनी त्याला केंद्रावर बसायला सांगितलं होतं, आमच्या पाड्याची माणसं ओळखायला. जाताना माझ्या दारात थांबला.

"भाच्या, फलीवर नजर ठेव. कुनाला हात लावू देव नको."

"मामा, तू जा बिनघोर."

"पाड्यातली मानसं न्याहरी करून येतील, समदी एकदम. वाटंत फुटाया नको म्हनून सांगलंय." मग जरा लाजून म्हणाला, "तुजी मामी येतंय. तिला पेटी दाखव रं. ती घाबरंल."

मी बरं म्हणालो.

न्याहारीच्या वेळेला वाफ्यांवरचे मजूर सावलीला गेले. भरती चढायला लागली होती. मी उघाडीवर गेलो, मामाची पहार शेडमध्ये होती ती घेतली, आणि फळ्या काढल्या. पहिली फळी जड गेली. मामा ती एका हिसक्यात काढतो, त्याची युक्ती त्यानं मला लहानपणी शिकवलेली होती, तीच वापरली. पाणी आत यायला लागलं तेव्हा आवाज फार मोठा वाटला. मग पहार जागेवर ठेवून मी हपिसात आलो आणि वही उघडून बसलो.

पाड्यातली माणसं आली तेव्हा वाट गेलेली होती.

मी खिडकीतून पाहिलं. सगळी पलीकडच्या काठावर उभी. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली, म्हाताऱ्यांनी डोक्याला मुंडासं बांधलेलं. अलीकडच्या काठावर दोन्ही पक्षांच्या बैलगाड्या उभ्या होत्या, शेटची माणसं पेढे घेऊन, टोपीवाली पोरं झेंडे घेऊन. एका म्हाताऱ्यानं दोघांच्याही विड्या आधीच्याच दिवशी घेतल्या होत्या, तो पलीकडून ओरडला, "आता धूर कुनाला लागंल तो लागो, मी काय पोवून येत न्हाय!" काही जण हसले. पहिल्यांदा वाटलं असेल, उथळच आहे, जाऊ चालत. काही पुरुष उतरले. मधल्या खळग्यात पाणी छातीला लागलं, परत फिरले. माझ्या ओळखीचा तो तारोडीचा होडीवाला होडी घेऊन आत शिरायला बघत होता. काठाकडं पाणी इतकं कमी की होडी चिखलात बसली. चालायला फार, वल्हवायला थोडं. होडी सोडवताना तो शिव्या देत होता, कुणाला ते त्यालाच ठाऊक.

मामी पाण्यात उतरलेली मी पाहिली. लुगडं एका हातानं वर धरून, दुसऱ्या हातात काहीतरी पुडकं. कमरेपर्यंत आली आणि थांबली. मागून बायका हाका मारत होत्या. ती बराच वेळ तशीच उभी होती, पुढंही येईना, मागंही जाईना. मी खिडकीतून उठलो नाही. माझ्या जागेवरून मी तिला ओरडून सांगू शकलो असतो की परत जा. तेही केलं नाही.

थोडे तरणे बांधाच्या वळशानं गेले. दुपार टळल्यावर पोचले, त्यांनी मतं टाकली. बाकीचे घरी गेले.

संध्याकाळी मी माझं मत टाकलं. टोपीवाल्याला टाकलं. हेही आज सांगून टाकतो. त्या वेळी मला वाटलं होतं की यानं काहीतरी फिटेल.

पाडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळापुढं बसला. मला बोलावलं होतं, शिकलेला म्हणून. मामा मधे उभा. एक पंच म्हणाला, "तू सकालीच गेलास. तुजा मत टाकलास. आनि आमच्या वाटंवर पानी."

"मी पानी न्हाय घेतला."

"मग कुनी घेतला? खेकऱ्यांनी? पहार कुनाची? शेटनं काय दिला तुला?"

"मना कुनी काय दिला न्हाय."

"फलीवर कोन व्हता मग? कुनाला ठेवून गेला व्हतास?"

इथं मामानं वर पाहिलं. माझ्याकडं नाही, पण मी बसलो होतो त्या बाजूला. मी वाट पाहिली. तो म्हणेल, भाच्याला सांगून गेलो होतो. मग मी काय बोलायचं ते मी जुळवून ठेवलं होतं: मी हपिसात होतो, दिवाणजींनी माणूस पाठवला असेल. पण मामा म्हणाला, "कुनी न्हाय. फली माजी हाय. मीच बघाचा व्हता."

पंचांनी मान हलवली. त्यांना तो कबुलीजबाब वाटला. मामी खांबाला टेकून उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि निघून गेली.

मी अलीकडं परत निघालो तेव्हा मामा वळशाच्या बांधापर्यंत सोडायला आला. तिथं त्यानं मला विचारलं, "भाच्या, तू कुटं व्हतास?"

"हपिसात होतो, मामा."

"बरं," तो म्हणाला. त्यानंतर सहा-सात वर्षं जगला, त्याबद्दल पुन्हा एक शब्द नाही.

पाड्यानं त्याला वाळीत टाकलं नाही. त्याहून साधी गोष्ट केली. पुढच्या उधाणाला मामा डबा घेऊन फिरला. "पानी घेतंय हो, उद्या पानी घेतंय!" एकाही घरातून उत्तर आलं नाही. मी त्या दिवशी मामाकडं गेलो होतो, ओट्यावर बसून ऐकत होतो. डब्याचा आवाज, मामाचा आवाज, मग काही नाही. तो एकेका दारात जाऊन उभा राहिला. आत भांड्यांचा आवाज यायचा, पोरं बोलायची, चूल फुंकायचा आवाज यायचा. मामा उभा. मग पुढचं घर. शेवटी स्वतःच्या दारात आला. मामी आत भाकऱ्या थापत होती. त्यानं तिथंही हाळी दिली, हळू आवाजात. तिनंही उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं फळी काढली नाही. उत्तर नाही तर पाणी नाही. त्याच्या पुढच्या उधाणालाही तेच. मिठाचा हंगाम भरात, तळ्याचा तळ दिसायला लागला. दिवाणजींनी त्याला दोनदा समजावलं, मग काढलं आणि बाहेरून माणूस आणला. तो डबा वाजवून मोकळा व्हायचा. उत्तराची वाट त्यानं कधी पाहिली नाही. म्हणजे रीत मोडली ती तशी त्या निवडणुकीच्या दिवशी नाही, नंतरच्या दोन-तीन उधाणांत मोडली, आणि पाड्यानं स्वतःच्याच हातानं मोडली. पण सुरुवात माझी.

निकाल लागला. आमच्या जागेवर टोपीवाला थोडक्यात निवडून आला. हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, चला, झालं, काही बिघडलं नाही. मुंबईत त्यांचंच मंत्रिमंडळ झालं. मामानं दोघा जणांना घेऊन त्या आमदाराची गाठ घेतली, वाटेचं काय म्हणून. पाडा मामाशी बोलत नव्हता तरी वाटेसाठी त्याच्यासोबत गेला. आमदार चांगलं बोलला. पण त्याच्या माणसानं बाहेर आल्यावर सांगितलं, "केंद्रावर तुमच्या पाड्याची माणसं दिसलीच नाहीत. ज्या गावांनी रांगा लावल्या त्यांची कामं आधी." त्यात त्याची तरी काय चूक? नंतर लढाई सुरू झाली, मंत्रिमंडळानं राजीनामे दिले, आणि वाट राहिली ती राहिली. शेचाळीसला पुन्हा मतं झाली. तेव्हा पाडा देवळापुढं बसलाच नाही. ज्याला जे वाटलं ते त्यानं केलं, बहुतेकांनी काहीच केलं नाही. तोवर मीच दिवाणजी झालो होतो.

मामा लढाईच्या दिवसांत गेला, रेशनच्या तांदळाच्या काळात. पाडा आला, नाही असं नाही. मीही खांदा दिला. पण मामी त्या सहा-सात वर्षांत त्याच्याशी कशी राहिली ते मी पाहिलं आहे. भांडण नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि तोंड फिरवून बसायची. पूर्वी ती त्याची थट्टा करायची, ती थट्टा बंद झाली. तिला नवरा शेटला विकला गेलेला वाटत होता, आणि ज्या दिवशी तो विकला गेला त्याच दिवशी ती कमरेइतक्या पाण्यात पुडकं घेऊन उभी होती. पुडक्यात काय होतं ते मला नंतर कळलं. मामासाठी भाकरी आणि सुकट होती. केंद्रावर दिवसभर बसणार, उपाशी राहील म्हणून.

आता म्हणे सगळ्यांना मत देणार. जमीन असो नसो, बाई असो पुरुष असो. मतदारांच्या याद्या करायला एक गुमास्ता आला होता, मी वाट दाखवायला त्याच्याबरोबर पाड्यात गेलो. बायका नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची सून एवढंच. मामीच्या ओट्यावर आलो. ती आता वाकली आहे, दिसतंही कमी. गुमास्त्यानं विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव?"

"मेला त्यो."

"तरी नाव लागेल यादीत."

"नको लिवू. त्याच्या नावावर मना एकदा मत भेटला व्हता. पान्यात गेला."

गुमास्ता माझ्याकडं पाहून हसला, म्हातारी थट्टा करते असं वाटून. मीच मामाचं नाव सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. मामीनं मान माझ्याकडं वळवली. "तू आलास व्हय, बाला? बस. च्या पितंस?"

मी बसलो. चहा प्यायलो. गुमास्ता पुढच्या घरी गेला. ओट्यावर आम्ही दोघंच होतो, घरात कुणी नव्हतं, घाई कसली नव्हती. तिनं माझ्या पोरांची चौकशी केली. मग आपणच म्हणाली, "तुजा मामा तसा वंगाळ नव्हता रं. पन त्यानं त्यो दीस चांगला न्हाय केला."

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "येतो, मामी."

तिला वाचता येत नाही, हे मला हे लिहिताना सारखं आठवतं. कागदाला सांगणं म्हणूनच सोपं पडलं. ज्यांनी हे वाचलं त्या सगळ्यांना आता कळलं, जिला कळायला हवं तिला सोडून. पाणी मामानं घेतलं नव्हतं, मी घेतलं होतं, आणि हे ठाऊक असूनही तो बोलला नाही, एवढं मामीला ती जिवंत आहे तोवर तिच्या ओट्यावर बसून सांगायचं मी देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.